हिमोग्लोबिन ८.२ : बीट खाऊन कंटाळले, जिना काही चढवत नाही

बकुळफूल | १२ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वय ४१. डोंबिवली ते दादर रोजची लोकल, पतपेढीत नोकरी. गेल्या दिवाळीपासून दमायला होतंय. सुरुवातीला वाटलं फराळाचं झालं असेल. मग वाटलं वय झालं. आता दादरच्या पुलाचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबते आणि मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं करते. मागून येणारे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फेब्रुवारीत ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. बोटाचा थेंब त्या निळ्या पाण्यात टाकतात ना, तो बुडायला हवा. माझा तरंगत राहिला. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "ताई, तुम्ही द्यायचं नाही, तुम्हालाच द्यायची वेळ आलीय." दुसऱ्या दिवशी तपासणी केली, हिमोग्लोबिन ८.२.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. पोटात आग आणि बद्धकोष्ठ. पंधरा दिवसांत सोडल्या. त्यानंतर सासूबाईंच्या देखरेखीखाली रोज बीट, डाळिंब, खजूर आणि आळिवाचे लाडू. साडेतीन महिने इमानेइतबारे. काल परत तपासलं: ८.४.

म्हणजे एवढं बीट खाऊन शून्य पूर्णांक दोन! घरगुती काही जालीम उपाय आहे का? गोळ्या शक्यतो नकोत.

अर्धाकटिंग | १२ जून, रात्री ११:०५

बीट लाल, रक्त लाल, एवढाच काय तो संबंध. त्या न्यायानं टोमॅटो केचप पण चालायला हवं. (हलके घ्या.)

साळुंकी | १३ जून, सकाळी ७:१८

बकुळफूल, आमच्याकडे लोखंडी कढईत भाजी करतात, त्यात लाल माठ आणि वरून लिंबू. शेवग्याचा पाला मिळत असेल तर तोही. बाजरीची भाकरी. पालकावर फार भरवसा नको, त्यातलं लोह अंगी कमीच लागतं. आणि खात असाल तर मटण, कलेजी, तिसऱ्या. मांसमच्छीतलं लोह अंगी जास्त लागतं.

घाटमाथा | १३ जून, सकाळी ९:५०

बाजरीचा विषय निघालाय म्हणून. साध्या बाजरीत १०० ग्रॅमला सहा-साडेसहा मिलिग्रॅम लोह असतं. 'धनशक्ती' नावाचा एक वाण आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेबरोबर काढलेला, त्यात आणखी जास्त. महाराष्ट्रातल्याच शाळकरी मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव सहा महिने देऊन पाहिली होती. २०१५ साली ते छापून आलं. मुलांच्या अंगातला लोहाचा साठा खरोखर वाढला.

पण ती मुलं होती आणि दोन वेळा भाकरी खात होती. आठ हिमोग्लोबिनवरून वर यायला भाकरी पुरेल असं मी तरी म्हणणार नाही. आमच्या गावात हल्ली बाजरी पेरतोच कोण? सगळीकडे सोयाबीन आणि मका. असो, अवांतर झालं.

लॅबवाला_सातारा | १३ जून, दुपारी १:३३

पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं नोकरी, डॉक्टर नाही. ताई, नुसत्या हिमोग्लोबिनवर काही कळत नाही. त्याच कागदावर खाली एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार), आरडीडब्ल्यू (त्या आकारांतली तफावत) आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) असेल, तो टाका. फेरिटिन केलंय का? फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कोठीतलं धान्य; हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. कोठी रिकामी झाली तरी ताटात काही दिवस भाकरी दिसत राहते. म्हणून हिमोग्लोबिन साडेबारा असलेल्या बायकासुद्धा केस गळतात, पाय वळवळतात, झोपून उठलं तरी थकवा जात नाही अशा तक्रारी घेऊन येतात आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' ऐकून परत जातात.

एकच सावधगिरी. ताप किंवा अंगात कुठली सूज असताना फेरिटिन खोटं वर जातं. सर्दी-तापात तपासू नका.

बकुळफूल | १३ जून, रात्री ९:१२

धन्यवाद. एमसीव्ही ६८, आरडीडब्ल्यू १९, आरबीसी ३.९. फेरिटिन कोणी सांगितलंच नव्हतं. शनिवारी करते.

रेवाकाठ | १३ जून, रात्री ९:४०

बरं झालं आकडे टाकलेत. माझी गोष्ट उलटी आहे. एमसीव्ही ६४, पण आरबीसी ५.९. हिमोग्लोबिन कायम साडेदहा-अकरा. कॉलेजपासून जो भेटेल तो डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देई आणि आकडा ढिम्म हलत नसे. घरात बोलणी खायची, 'ही गोळ्या फेकून देते'. बाळाच्या वेळी एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, एमसीव्हीला आरबीसीनं भागलं आणि म्हणाल्या, "तेराच्या खाली येतंय, इलेक्ट्रोफोरेसिस करा." त्यात एचबीए२ (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) निघालं ५.२ टक्के, म्हणजे जास्त. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापांकडून आलेला, लाल पेशी मुळातच बारीक ठेवणारा दोष. लोह भरपूर होतं, तांदूळच बारीक जातीचा!

मग नवऱ्याची घाईघाईनं तपासणी. दोघांनाही मायनर असेल तर बाळाला मेजर, म्हणजे त्याचाच गंभीर प्रकार, होण्याची शक्यता चारात एक. तो रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस विसरणार नाही. तो नॉर्मल निघाला.

तुमचं भागून १७ च्या वर येतंय आणि आरडीडब्ल्यूही वाढलंय, म्हणजे लोहाचंच दिसतंय. तरी डॉक्टरांना विचारा.

वऱ्हाडी_ठेचा | १४ जून, सकाळी ८:०२

आमच्या इकडं अजून एक पाहा लागते, सिकलसेल. घराण्यातून येणारा आजार, लाल पेशी विळ्यावानी होतात. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडं नंदुरबारपर्यंत. मावसभावाचं असंच झालं, वर्षभर 'रक्त कमी आहे' म्हणून टॉनिक पाजलं. सांध्यातल्या दुखण्याकडं कोणाचं ध्यानच नाही.

सुपलीमाय | १४ जून, सकाळी १०:२६

बकुळफूल, सगळे खाण्यावर बोलतायत. मी स्पष्ट विचारते, राग मानू नका. पाळीचं काहीच लिहिलं नाहीत. किती दिवस? रात्री उठून बदलावं लागतं का? गुठळ्या पडतात का?

आणि दुसरं, जरा विचित्र वाटेल. माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असं काही खावंसं वाटतं का?

बकुळफूल | १४ जून, रात्री ११:५८

सुपलीमाय, तुमचा प्रतिसाद सकाळपासून चारदा वाचला. घरात सगळे झोपल्यावर लिहितेय.

सात ते आठ दिवस. पहिले तीन दिवस दर दीड-दोन तासांनी बदलावं लागतं, रात्री गजर लावून उठते. गुठळ्या असतात. मार्चमध्ये लोकलमध्ये ड्रेस खराब झाला तेव्हापासून त्या दिवसांत काळेच कपडे. पण आईचं असंच होतं, मोठ्या बहिणीचंही आहे. आमच्या घरात 'आपल्याकडे जास्तच जातं' असं डोळ्यांच्या रंगाविषयी बोलावं तसं बोलतात. त्यामुळे ते सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

आणि बर्फ. हो. फ्रीजमधले दोन्ही ट्रे मी एकटी संपवते. ऑफिसात लिंबूसरबत मागवते ते ग्लासातल्या बर्फासाठी. शाळेत असताना पाटीवरची पेन्सिल खायचे, आई हातावर मारायची. पहिल्या पावसाचा वास आला की अजूनही तोंडाला पाणी सुटतं. हे कोणाला सांगितलं नव्हतं. हे लोहाचं असतं??

सुपलीमाय | १५ जून, सकाळी ६:४०

असतं. बर्फाचं तर फारच नेमकं. तुम्ही वेड्या नाही आहात. स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा, सोनोग्राफी करा. बीट राहू दे.

स्टेथो_गळ्यात | १५ जून, दुपारी ३:१५

इथे उपचार सांगत नाही, पण हिशोब सांगतो.

आपण चौरस जेवलो तरी आतड्यातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोहच आत जातं. महिन्याचे धरा तीस ते साठ. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह. नेहमीच्या पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं की तो अतिस्राव. तुम्ही लिहिलंय त्यावरून दीडशे जात असेल तर सत्तर-पंचाहत्तर मिलिग्रॅम लोह दर महिन्याला बाहेर. घाम, त्वचा, आतडी यांतून जातं ते वेगळंच. बीटमध्ये १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नाही. डाळिंबात त्याच्याही निम्म्याहून कमी. सासूबाईंचा काही दोष नाही, पण महिन्याच्या पगारापेक्षा महिन्याचा हप्ताच मोठा आहे.

सध्याची तूट किती? समजा वजन ५८ किलो. हिमोग्लोबिन १५ पर्यंत न्यायचं आणि साठ्याचे ५०० धरायचे, तर नेहमीच्या सूत्रानं साधारण १४०० मिलिग्रॅम येते. ही तूट लाडवांनी भरून निघणारी नाही.

पुरुषांना, आणि पाळी गेलेल्या बायकांना लोह कमी निघालं तर ते जठर-आतड्यातून कुठेतरी झिरपतंय असं धरूनच तपास करावा लागतो.

मावळतीचा | १५ जून, सायंकाळी ६:०८

डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी ६३. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन ९. मूळव्याधीवर ढकललं आणि गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी शौच काळी होते हे माहीत होतं, म्हणून काळी दिसली तरी निश्चिंत. मुलीनं विचारलं, "बाबा, गोळ्या सुरू करायच्या आधीपासून काळी होती का?" आठवून पाहिलं, होती. गुडघ्यासाठी सहा-सात वर्षं रोज एक वेदनाशामक गोळी घेत होतो, तीही औषधाच्या दुकानातून परस्पर. दुर्बीण घातली तर जठरात व्रण, थेंब थेंब रक्त चाललेलं. ती गोळी बंद, व्रणावर औषध, मग लोह. आता १३.४. गुडघे दुखतात, दुखू देत.

अर्धाकटिंग | १५ जून, रात्री ८:३०

धागा अपेक्षेपेक्षा गंभीर झाला. माझी केचपवाली कमेंट मागे घेतो.

पण बकुळफूल, गोळ्या कशा घेत होतात? चहाबरोबर? माझ्या नावावर जाऊ नका, बायको तीन वर्षं चहाबरोबरच घेत होती.

बकुळफूल | १५ जून, रात्री १०:२०

सकाळचं वेळापत्रक सांगते, हसू नका. ५:५० थायरॉइडची गोळी. ६:०० चहा. ६:१५ ला डबा भरता भरता लोहाची गोळी, आणि हाडं दुखतात म्हणून कॅल्शियमची, एकाच घोटात. त्यावर उरलेला चहा. पोटात आग व्हायला लागल्यावर अ‍ॅसिडिटीची एक.

लॅबवाला_सातारा | १५ जून, रात्री १०:४१

ताई!!! एकाच घोटात सगळ्यांची मारामारी लावून दिलीत. चहा लोहाला अडवतो, कॅल्शियम अडवतं, आम्ल कमी करणाऱ्या गोळीनं लोह विरघळत नाही. वर लोह थायरॉइडच्या गोळीलाच अडवतं, त्या दोघींत चार तासांचं अंतर हवं. टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीचा आकडा) पण वर असेल बघा.

कोपनहेगनची_काकू | १६ जून, रात्री १:१२

इथे मला डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड घ्यायला सांगितली. मला वाटलं थंड देशातला कंजूषपणा. पण कारण पटलं. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि ते आतड्याचं दार जवळजवळ दिवसभर अर्धवट लोटून ठेवतो. दुसऱ्या दिवशीची गोळी बऱ्यापैकी वाया जाते आणि आतड्यात राहून त्रास देते. दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह अंगी लागतं आणि पोट शांत. मी रात्री झोपताना अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायचे. सात महिने लागले. पण कोणी ऐकून परस्पर वेळ बदलू नका, हिमोग्लोबिन फार खाली असेल किंवा पोटात बाळ असेल तर डॉक्टर रोजही देतात.

चिंचेची_बारी | १६ जून, दुपारी २:०५

मी आशा कार्यकर्ती आहे, गावात आरोग्याचं काम करते, नाशिक जिल्हा. माझा पण अनुभव लिहिते. गरोदर बाईला लाल गोळ्या १८० आणि बाळंतपणानंतर परत १८०. शाळेतल्या पोरींना आठवड्याला एक निळी. लहान्यांना गुलाबी. वाटप वहीत सगळं बरोबर दिसतं. गेल्या महिन्यात एकीच्या घरी तांदळाच्या डब्यात तीन पाकिटं न फोडलेली निघाली. विचारलं तर म्हणे सासू बोलली, काळी शी होते म्हणजे बाळ पण काळं होईल. मी तिला नाही समजवत बसले. सासूला घेऊन बसले, तिच्या स्वतःच्या बोटाचं रक्त तपासलं. सासू ७.९! आता दोघी रात्री जेवून बरोबर घेतात. मळमळ होते त्यांना मी रिकाम्या पोटी सांगत नाही, जेवून घे पण घे.

आणि जंताची गोळी विसरू नका. शेतात अनवाणी फिरणाऱ्याला आकड्याचा जंत असतो, तो रक्तच पितो.

गोळ्यांचा डबा लहान पोराच्या हाताला लागू देऊ नका. गोड वेष्टणाची असते, पोरं चॉकलेट समजून खातात, जिवावर बेततं.

साळुंकी | १६ जून, दुपारी ४:३०

चिंचेची_बारी, सासूच्या बोटाला सुई टोचायची आयडिया आमच्याकडे कोणाला सुचली असती तर! _/\_

बकुळफूल | २४ जून, रात्री ९:३०

फेरिटिन ४. चार. बी-१२ पण कमी. टीएसएच खरंच ९ निघालं (लॅबवाला, तुमचे पाय कुठे आहेत?). सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी, एक आतल्या अस्तराला लागून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांनी वाट बघण्यापेक्षा शिरेतून लोह देऊ आणि गाठीचं नंतर ठरवू. भीती वाटतेय. कोणी घेतलंय का?

रेवाकाठ | २४ जून, रात्री १०:०२

बहिणीनं घेतलं. आता एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येणारी औषधं आहेत, पूर्वी २०० च्या हिशोबानं पाच-सहा फेऱ्या व्हायच्या. दवाखान्यातच घ्यायचं, घरी सिस्टर बोलावून नाही. सुईपाशी जळजळलं तर लगेच सांगा, औषध बाहेर झिरपलं तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही. दुसऱ्या दिवशी तिचं अंग दुखलं, कणकण आली, मग ठीक.

बकुळफूल | ९ जुलै, रात्री ८:४४

पहिलं सलाइन ३० तारखेला झालं, दुसरं परवा. गडद चहाच्या रंगाचं असतं, अर्धाकटिंगची आठवण आली. अर्धा तास मशीनकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी गुडघे ठणकले.

पण सांगायचं ते वेगळंच. पहिल्या सलाइननंतर पाचव्या दिवशी फ्रीज उघडला आणि ट्रेमधला बर्फ तसाच होता. मला आठवणच झाली नव्हती! हिमोग्लोबिन अजून तपासलेलंही नाही.

स्टेथो_गळ्यात | ९ जुलै, रात्री ९:२०

बर्फाची ओढ हिमोग्लोबिनच्या आधी जाते, हे पुष्कळ रुग्ण सांगतात. हिमोग्लोबिन तीन-चार आठवड्यांनी बघा. आणि बरं वाटलं म्हणून गाठीचं पुढे ढकलू नका.

बकुळफूल | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ७६. ऑगस्टमध्ये दुर्बिणीतून गाठ काढली, एक दिवस दवाखान्यात. पाळी पाच दिवसांची झालीय आणि रात्री गजर नाही. थायरॉइडची गोळी एकटी घेते, चहा पाऊण तासानं. बी-१२ सुरू आहे.

दादरचा जिना एका दमात जातो असं म्हणणार नाही, गर्दीच तशी असते. पण थांबते ती पुढचा माणूस थांबला म्हणून.

मोठ्या बहिणीला ओढत नेलं. तिचं ७.६. ती चार महिने माझ्यावर रागावली होती की असल्या गोष्टी नेटवर कशाला लिहायच्या. आईचं गर्भाशय ४४ व्या वर्षी काढलं होतं, का ते आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आता विचारलं तर म्हणाली, "हेच की गं."

सासूबाईंनी विचारलंय, आळिवाचे लाडू बंद करायचे का? मी म्हटलं, नको, ते चांगले लागतात.

निवडुंग७ | २० ऑक्टोबर, सकाळी ११:०९

पूर्ण धागा वाचला. माझ्या मुलीचं (वय १५) हिमोग्लोबिन ९.१ आलंय. अभ्यासात लक्ष नाही, सारखी झोपते. आम्ही मोबाइलला दोष देत होतो. रोज बीटचा रस आणि खजूर सुरू केलाय. अजून काय द्यावं?

बकुळफूल | २० ऑक्टोबर, सकाळी ११:३१

पाळीचं काही लिहिलं नाहीत. किती दिवस, किती वेळा बदलते, रात्री उठावं लागतं का, हे तिच्या आईला विचारून लिहू नका, आईला 'आपल्याकडे असंच असतं' वाटत असेल. थेट मुलीलाच विचारा. आणि फ्रीजमधला बर्फ कोण संपवतं तेही बघा.